फेस आधी, व्हॉल्व्ह नंतर

१

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, अशी विजयकुमारची गत निवृत्तीच्या दुसऱ्याच आठवड्यात झाली. एकतीस वर्षं आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना कानस कशी धरायची हे शिकवलेला माणूस. त्याने आधी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल दिलं, मग मोरीतला नळ बदलला, मग चांगला चालणारा पंखा उतरवून पुन्हा चढवला. पंखा कुरकुरायला लागला तेव्हा त्याची बायको मंजुषा म्हणाली, "अहो, आता माझ्या शिलाई मशीनला हात लावून बघा तुमी फक्त."

म्हणून त्याने वही घेतली आणि हवेच्या कॉम्प्रेसरचा आराखडा काढायला बसला.

पुसेगावातल्या त्याच्या घरामागे पत्र्याची शेड होती. पूर्वी तिथे म्हशी बांधायचे, आता बाकाला ठोकलेला व्हाइस होता, ड्रिल मशीन होतं आणि बिस्किटांच्या डब्यांतून नटबोल्ट. एक जुना फ्रीजही होता. त्याचं दार गेलं होतं, पण मोटर ठणठणीत होती. ती मोटर गॅस ओढून दाबते. तिला नुसती हवा ओढू दिली तर ती हवाही दाबेल. त्या दाबलेल्या हवेने फाटक रंगवता येईल, टायर भरता येईल, ट्रॅक्टरच्या जाळीतला भुसा उडवता येईल.

"विकत मिळत न्हाई का?" मंजुषाने विचारलं.

"मिळतो की. पण तो दुसऱ्याने केलेला असतो."

तांब्याची नळी झाली, दाब दाखवणारा काटा हिंगोलीहून आला. राहिली टाकी. हवा साठवायला जाड, बंद, भरवशाचं भांडं पाहिजे. त्यासाठी तो जवळा बाजारला जळबा भंगारवाल्याकडे दोन खेपा करून आला आणि हात हलवत परतला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. शेडच्या कोपऱ्यात, पोत्याखाली, पाच वर्षांपासून एक कमरेएवढा सिलिंडर उभा होता. त्याचं नाव घरात कुणी काढत नसे. मंजुषा झाडतानासुद्धा त्याला वळसा घालून झाडू फिरवायची.

सोमवारी सकाळी विजयकुमारने पोतं ओढलं. मंजुषा दारातच थबकली.

"ते नको. दुसरं कायबी घ्या, पण ते नको."

त्याची आई पार्वतीबाई ओट्यावर बसून तुरीच्या डाळीतले खडे निवडत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, जुन्या दम्याची बाई. तिने मान वर केली नाही.

"घेऊ दे त्येला. लई दिवस बसून हाय ते. वापर, बापू."

बापू ही तिची हाक, त्याच्या जन्मापासूनची. त्याला इज्या म्हणणारं माणूस आयुष्यात एकच झालं, त्याचे वडील, संतरामआबा. सिलिंडर घरात आला त्याच दिवशी ते गेले.

२

त्या उन्हाळ्यात, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, गावात घरटी एक खाट आजारी होती. मंजुषा आणि आई आतल्या खोलीत तापाने फणफणलेल्या. बाहेरच्या खोलीत लोखंडी खाटेवर संतरामआबा. हिंगोलीत, वाशीमला, कुठेच जागा नव्हती.

दुपारी दोनला प्रेमदास सिलिंडर घेऊन आला. प्रेमदास म्हणजे विजयकुमारचा जुना विद्यार्थी, कनेरगाव नाक्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान. लोखंड कापायला लागणारा ऑक्सिजन त्याच्याकडे असायचा, आणि त्या दिवसांत हा कापायचा आणि तो श्वासाचा असा भेद करायला कुणाला सवड नव्हती. त्याने सिलिंडर आणि वरचा रेग्युलेटर दारात उतरवला, लांबूनच हात जोडले आणि दुसऱ्या एका घरी धावला.

आबा तेव्हा जिवंत होते. श्वास चालू होता. दोन आखूड, एक लांब, मग थांबा. मग परत दोन आखूड.

विद्यार्थी पाठीमागे विजयकुमारला साबणसर म्हणायचे. वर्गाच्या पहिल्या दिवशी तो फळ्यावर एकच ओळ लिहायचा: फेस आधी, व्हॉल्व्ह नंतर. गॅसचा कुठलाही जोड केला की त्याला जरासा दाब द्यायचा, साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा येतो का बघायचं, आणि मगच पुढचा व्हॉल्व्ह उघडायचा. या एका ओळीवर त्याने शेकडो पोरांचे हातपाय शाबूत ठेवले होते आणि त्याचा त्याला रास्त अभिमान होता.

त्या दुपारी त्याने रेग्युलेटर बसवला. मग वाटीत साबण कालवला. हाताशी आबांचा दाढीचा ब्रश होता, तोच घेतला. फेस लावला. एक बुडबुडा आला. बारीकसा, मोहरीएवढा. तेवढ्याने काहीसुद्धा बिघडलं नसतं. पण त्याने दाब बंद केला, जोड उकलला, वॉशर पुसला, पुन्हा आवळला आणि पुन्हा फेस लावला.

"इज्या," आबा म्हणाले. "सोड की रं."

"एक मिनिट, आबा."

काम करताना मोजायची त्याला खोड होती. त्याचा एक कान आबांकडे होता. थांबा अकरापर्यंत जायचा आणि बाराच्या आत श्वास परत यायचा. दुसऱ्यांदा फेस स्वच्छ राहिला. एकही बुडबुडा नाही. तो समाधानाने वळला आणि त्याच्या लक्षात आलं, की आपण मोजायचं केव्हाच सोडून दिलंय.

मसणवट्यातून परतल्यावर कुणीतरी विचारलं, सिलिंडर मिळाला नव्हता का? "मिळाला, पण यायला उशीर झाला," तो म्हणाला. तोंडातून सुटलं आणि गावभर झालं. प्रेमदासच्याही कानावर गेलं. येताना त्याची गाडी पंक्चर होऊन दहा मिनिटं गेली होती हे खरंच होतं, त्यामुळे त्याने तो बोल निमूट पदरात घेतला. सिलिंडर मागायला तो पुन्हा आला नाही.

त्या दुपारचं खरं घरात कुणालाही ठाऊक नाही, असं विजयकुमार पाच वर्षं धरून चालला होता.

३

सिलिंडर अजून भरलेलाच होता. तेलकट मोटरशी जोडण्याआधी त्यातला ऑक्सिजन काढून टाकणं भाग होतं. तेल आणि ऑक्सिजन एकत्र आले तर काय होतं हे त्याने वर्गात चित्र काढून शिकवलं होतं. त्याने तो हातगाडीवर घालून बांधाकडेला नेला, माणसांपासून, चुलीपासून लांब, आणि व्हॉल्व्ह उघडला.

बराच वेळ हवा सुटत राहिली. तो दहा पावलांवर धोंड्यावर बसून होता. इतकी होती, असं त्याच्या मनात येत होतं. इतकी होती आत. शेवटी आवाज बारीक होत गेला आणि काटा शून्यावर टेकला, तेव्हा त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. वाऱ्याचं असेल.

पुढचे चार दिवस मात्र तो खुशीत होता. मंजुषाने कित्येक महिन्यांनी त्याला शीळ घालताना ऐकलं. मोटरच्या तोंडाला हवा गाळायला फडकं, पुढे तेल अडवायची बाटली, मग हवा माघारी फिरू न देणारी झडप, मग सिलिंडरच्या मानेवर चारतोंडी जोड: एका तोंडाला काटा, एकाला शंभर पौंडांवर मोटर आपोआप बंद करणारा स्विच, एकाला जादा दाब झाला तर उडणारी शिट्टी, आणि चौथ्याला हवा बाहेर द्यायचा व्हॉल्व्ह. सगळं जुन्या ट्रॉलीच्या चाकांवर बसवलं.

पाचव्या दिवशी दुपारी त्याने बटण दाबलं. मोटर गुरगुरली. काटा वीसवर आला, चाळीसवर, ऐंशीवर. शंभरावर खट्ट झालं आणि शेड शांत झाली.

"झालं!" तो ओरडला. "मंजुषा, बघून जा!"

मग सवयीने त्याने वाटीत साबण कालवला. नवा ब्रश आणायचा राहिला होता. कोपऱ्यात ओढून टाकलेल्या पोत्याखाली आबांचा दाढीचा ब्रश पडलेला होता, केस पाच वर्षांपूर्वीच्या साबणाने ताठ झालेले. त्याने तो पाण्यात भिजवला आणि मऊ करून घेतला. वस्तू वाया घालवणं त्याच्या रक्तात नव्हतं.

तीन जोड स्वच्छ निघाले. चौथ्यावर, सिलिंडरच्या मानेशी, बुडबुडा आला.

गळतीचे बुडबुडे त्याने आयुष्यात लाखभर पाहिले असतील. असा बुडबुडा फुगतो आणि फुटतो. दुसरं काही करणं त्याला जमतच नाही. हा फुगला, थोडा वेळ तसाच राहिला, आणि हळूच परत आत गेला.

४

विजयकुमार घाबरला नाही. उलट त्याला जरा बरंच वाटलं, कारण कोडं मिळालं होतं.

दुपारची वेळ, वर तापलेला पत्रा. ढग आला की पत्रा निवतो, टाकीतली हवा आकसते, बुडबुडा आत जातो. त्याने दार लावलं, सिलिंडरवर ओलं पोतं टाकलं आणि पाहिलं. बुडबुडा फुगला आणि आत गेला. मग रस्त्यावरून जड गाडी जात असेल. तो बाहेर जाऊन उभा राहिला, रस्ता मोकळा होता. मग साबण जास्त घट्ट झाला असेल. त्याने पाणी वाढवलं. मग त्याने हवा सोडली, जोड उकलला, टेप नव्याने गुंडाळली, आवळला, पुन्हा शंभरावर नेला, पुन्हा फेस. तेच.

सगळ्यात विचित्र म्हणजे हवा गळत नव्हती. संध्याकाळी काटा जिथे होता तिथेच सकाळी. बुडबुड्याबरोबर काटा मात्र केसभर मागेपुढे व्हायचा.

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन स्टुलावर बसला. फुगला की आडवी रेघ, आत गेला की टिंब. कमी फुगला तर आखूड रेघ, जास्त फुगला तर लांब. पानभर झाल्यावर त्याने वही लांब धरली आणि चष्मा पुसला.

दोन आखूड. एक लांब. मग मोकळी जागा. दोन आखूड. एक लांब. मोकळी जागा.

मोकळी जागा किती, हे त्याने मोजलं नाही. मोजायचं नाही असं ठरवून तो उठला. तरी दारापर्यंत जाईस्तोवर त्याच्या मनात अकरा झाले आणि पाठीमागे फेस चरचरला.

आई बाहेर सावलीत बसली होती. शेडच्या पत्र्याला तिची पाठ टेकलेली. "बापू," ती म्हणाली, "कोन निजलंय रं आत?"

"कुणी नाही, माय. मशीन आहे."

"मशीन व्हय," ती म्हणाली, आणि पत्र्याला कान लावल्यासारखी मान कलती करून बसली.

त्या दिवसापासून तिची खाट शेडच्या बाजूच्या भिंतीला आली. तिनेच मागून घेतली. तिकडे वारा चांगला लागतो, म्हणे. त्या भिंतीला खिडकी नव्हती.

५

काटा बदलून बघू, म्हणून त्याने प्रेमदासला फोन केला. पाच वर्षांतला पहिला. प्रेमदास दुसऱ्याच दिवशी मोटारसायकलवर आला, नवा काटा खिशात घालून. केस पिकले होते त्याचे.

शेडमध्ये शिरताच तो थांबला. "सर, हा त्योच ना?"

"तोच."

प्रेमदास सिलिंडरसमोर उकिडवा बसला. पाया पडावं तसा त्याने बुडाला हात लावला आणि हात तसाच राहू दिला.

"आबांची माफी मागायची ऱ्हायली माझी," तो म्हणाला. "मी येऊनच राहिलो होतो, सर. गाडी फुल सोडली होती. नाक्याच्या पुढं टायर गेलं. दहा मिनिटं. आजबी पंक्चर काढायचं म्हणलं का माझे हात कापतात. पोरगं इचारते, बाबा, काहून कापतात? काय सांगू त्येला?"

तू वेळेवर आलास, एवढंच विजयकुमारला म्हणायचं होतं. तीन शब्द.

"एक मिनिट," तो म्हणाला. "चहा सांगतो."

स्वयंपाकघरात मंजुषा नव्हती. त्याने स्वतःच आधण ठेवलं आणि ते उकळून आटेपर्यंत बघत उभा राहिला. लाज वाटली त्याला स्वतःची, पण पाय हलले नाहीत. कप घेऊन तो परत आला तेव्हा प्रेमदास शेडबाहेर भर उन्हात उभा होता आणि शर्टाला हात पुसत होता.

"काटा चांगला हाय तुमचा, सर. बदलू नका." त्याने चहाचा कप घेतला, पण ओठाला लावला नाही. "त्याच्यात काय भरलंय तुमी?"

"हवा. दुसरं काय?"

"कुठली?"

"इथलीच. शेडमधली."

प्रेमदासने कप पायरीवर ठेवला. "सोडून द्या ती," तो म्हणाला. "मोकळं करा, सर. तिच्यावाल्या आवाजाची मला तकलीफ झाली." आणि गाडीला किक मारून निघून गेला.

विजयकुमार आत गेला. हवा सोडायची तर नुसता व्हॉल्व्ह फिरवायचा होता. त्याने हात लावला. लोखंड कोमट होतं. दुपार होती, पत्रा तापलेला होता, कोमटच असणार. मग त्याला वाटलं, ही सुटली की आवाज बारीक होत होत बंद पडेल, आणि तो बंद पडताना आपण इथे उभे असू, दुसऱ्यांदा.

उद्या सोडू, असं म्हणून त्याने दाराला कडी घातली.

६

उद्या आला आणि गावची डीपी जळाली. वीज गेली ती दोन दिवस आलीच नाही. घरातला इन्व्हर्टरही दुसऱ्या सकाळी मान टाकून बसला.

दिवस सोयाबीनच्या मळणीचे. शेजारच्या खळ्यावर मळणीयंत्र घरघरत होतं आणि भुशाची पिवळी धूळ दारंखिडक्या लावूनही घरात येत होती. विजयकुमारला जागेवर बसवत नव्हतं. ओट्यावरून शेडपर्यंत, शेडपासून ओट्यापर्यंत. कडी काढायची, आत न जाता ऐकायचं, कडी घालायची. मळणीयंत्राच्या घरघरीत काही ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू येत नाही म्हणूनच तो पुन्हा जात होता.

चारच्या सुमाराला मंजुषाची हाक आली. हाक कसली, किंकाळीच.

आई खाटेवर गुडघ्यांवर हात रोवून बसली होती. मानेच्या शिरा टरारल्या होत्या. छातीत शीळ वाजत होती. फवाऱ्याचं औषध मंजुषाने दोनदा मारून झालं होतं. कोपऱ्यात नेबुलायझर होता, औषधाची वाफ करून देणारी ती छोटी पेटी, पण तिला वीज लागते.

"मी रस्त्यावर जाते," मंजुषा म्हणाली. "मिळंल ती गाडी थांबवते. तुमी त्यांना सोडू नका." आणि ती अनवाणीच पळाली.

गाडी मिळायला किती वेळ, दवाखान्यात पोचायला किती वेळ, हा हिशेब त्याच्या डोक्यात झाला, आणि आईच्या ओठांचा रंग बघून तो जुळेना. पेटी करते काय? नळीतून हवा सोडते. दाबलेली हवा. दुसरं काहीच करत नाही.

त्याने आईला धरून बाहेर ओट्यावर आणून बसवलं, पेटी तिच्याजवळ ठेवली आणि तो शेडकडे धावला.

७

ट्रॉली अंगणातून खडखडत ओट्यापाशी आली. काटा शंभरावर होता. त्याने पेटीची नळी कापली, व्हॉल्व्हच्या पुढे रेग्युलेटर लावला, दाब कमी बांधला आणि नळी त्याच्या तोंडावर खुपसली. औषधाचा कप, मुखवटा, सगळं जागेवर. ही हवा दवाखान्याची नव्हे, फडक्यातून गाळलेली आणि तेलाच्या बाटलीतून आलेली आहे हे त्याला कळत होतं. पण दुसरी नव्हती.

नवा जोड होता. न तपासलेला.

त्याचा हात वाटीकडे गेला. शपथेवर सांगावं इतकं खरं, की त्याने नेला नाही, तो गेला. वाटी ट्रॉलीच्या फळीवरच होती, परवाचा साबण तळाशी. ब्रश त्याच्या बोटांत आला, फेस चढला, आणि मनगटावरून एक थेंब ओघळला.

"बापू…" आई म्हणाली. पुढचं तिला जमलं नाही.

त्याने ब्रश फेकला. वाटीही फेकली, ती फरशीवर आपटून अंगणभर गोल फिरत गेली. आणि त्याने व्हॉल्व्ह उघडला, एका झटक्यात, पूर्ण.

फस्स झालं. कपातून पांढरी वाफ उठली आणि मुखवट्यात भरली. त्याने तो आईच्या तोंडावर धरला. "ओढ, माय. ओढ." काटा नव्वदवर आला, सत्तरवर आला. छातीतली शीळ लांबत लांबत पातळ झाली. पन्नासवर तिचे खांदे खाली आले. तीसवर ओठांना रंग आला. तो रडत होता आणि त्याला ते पुसायलाही हात मोकळा नव्हता.

मंजुषा जीप घेऊनच परतली. सासूला बसलेली पाहून तिचा जीव भांड्यात पडला. "फाईल घेते, शाल घेते, तरीबी दाखवूनच येऊ," ती म्हणाली आणि आत गेली.

काटा शून्यावर टेकला. फसफस बारीक होत गेली आणि थांबली.

८

शेजारचं मळणीयंत्रही तेवढ्यात बंद पडलं होतं. विजयकुमार ओट्यावर आईच्या पायाशी बसला. समोर ट्रॉलीवर सिलिंडर उभा होता. मानेशी, फेकलेल्या ब्रशवरून उडालेल्या फेसाचा एक वाळत आलेला बुडबुडा होता. तो त्याच्याकडे बघत राहिला, बराच वेळ. बुडबुडा हलला नाही. काटा हलला नाही. नुसतं लोखंड होतं ते, भंगारात घालावं असं. हलकं वाटलं त्याला, पाच वर्षांत वाटलं नव्हतं इतकं.

मग त्याच्या कानावर आलं.

दोन आखूड. एक लांब. थांबा.

त्याने मान वळवली नाही. आपण मोजतोय हे त्याला सातावर कळलं. अकरा झाले आणि पाठीमागे, त्याच्या खांद्याच्या उंचीवर, आईने श्वास घेतला. दोन आखूड. एक लांब.

"इज्या," ती म्हणाली.

तो वळला. तिचे डोळे मिटलेले होते. चेहरा शांत होता, तिचाच होता. फक्त खालचा ओठ जरासा डावीकडे ओढलेला होता, आबा बोलताना ओढायचे तसा.

"आज एक मिनिट म्हणला न्हाईस."

आतली खोली आणि बाहेरची खोली यांच्यात एकाच विटेची भिंत होती, असं विजयकुमारने स्वतःला सांगितलं. तापात असली तरी तिला ऐकू आलं असेल. पाच वर्षं तिने पोटात ठेवलं असेल. आयांना ठेवता येतं. आणि हाक? म्हातारपणी माणूस गेलेल्या माणसाच्या हाका मारतो. सगळं जुळत होतं. एकेक जोड तपासून घ्यावा तसा तो एकेक कारण तपासत होता.

"प्रेमदासला फोन लाव," ती म्हणाली. "सांग त्येला. येळेवर आलता म्हणावं."

"लावतो," विजयकुमार म्हणाला. "एक मिनिट, आबा."

शब्द बाहेर पडले आणि मग त्याला ऐकू आले.

दोन आखूड. एक लांब.

त्याने खिशातून फोन ओढला. बोटं साबणाने बुळबुळीत होती, पडदा ऐकेना. शर्टाला पुसली, नाव सापडलं, दाबलं. आतून मंजुषाने कपाट उघडल्याचा आवाज आला. फाटकाशी जीपवाल्याने हॉर्न दिला. पलीकडे घंटी वाजत होती, आणि तो आईच्या छातीवरच्या लुगड्याकडे बघत होता.

"बोला, सर," प्रेमदास म्हणाला.

तेव्हा विजयकुमार तेरापर्यंत आला होता.